लाल त्रिकोण : फवारणीच्या पिक्चरच्या नोंदी

११ ऑगस्ट २०२४, रविवार

वही नवीन काढली. मामेभाऊ म्हणे मोबाइलमध्येच लिही ना, पण मोबाइल तर शूटिंगलाच लागणार आहे बाप्पा, मग लिहू कशात. तर विषय असा की राळेगाव तालुक्यातल्या आमच्या गावात आम्ही पाच जण मिळून एक छोटा पिक्चर करून राहिलो, आठ-दहा मिनिटांचा, पिकावर किडीचं औषध फवारतात त्या फवारणीवर. पाच म्हणजे मी, मामेभाऊ (लग्नाचे व्हिडिओ करतो, म्हणजे नवरीच्या मागून गुलाबाच्या पाकळ्या उडवायचा इफेक्ट त्याला येतो), आशाताई, भजन मंडळाचा तबलेवाला कारण साउंड त्याच्याकडे आहे, आणि वहिनी. वहिनी म्हणते मी नाही तुमच्यात, पण दाराला टेकून सगळं ऐकते.

कारण लिहून ठेवतो, पुढे विसरायला नको. मागच्या आठवड्यात शेजारचा पोरगा, बी.ए. सेकंड इयर, सकाळपासून आठ पंप मारून आला आणि ओट्यावर बसला तर त्याला समोरचा माणूस दोन-दोन दिसून राहिला. तोंडाला लाळ, अंग घामाने ओलं. दवाखान्यात नेला, वाचला, दोन दिवसांनी घरी आला. आणि चौथ्या दिवशी तोच पंप, तोच शर्ट, तेच वावर. मी म्हटलं अबे, तुले काही समजते का नाही. तर म्हणते, "माहीत आहे ना भाऊ सगळं. पेपरात येते दरवर्षी."

माहीत आहे सगळं. हे डोक्यातून जातच नाही. माहीत असलेल्या माणसाला पिक्चर दाखवून सांगायचं काय.

१४ ऑगस्ट

स्क्रिप्ट लिहिली, चार पानं. सुरुवातीला बासरी, मग भेगा पडलेली जमीन (ऑगस्टात भेगा कुठून आणणार, गावभर चिखल आहे, तरी लिहिलं), मग शेतकरी धुऱ्यावर कोसळतो, बायको टाहो फोडते, लहान पोरगी फोटोपुढे दिवा लावते आणि शेवटी काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरात संदेश. मामेभाऊला जाम आवडली, त्याने तिथल्या तिथे मोबाइलवर बासरी शोधून पण ठेवली.

शेतकऱ्याच्या रोलला काकाजीच पाहिजे होते. चेहरा तसा आहे, आणि दुसरं म्हणजे २०१७ ला ते स्वतः फवारणीनं भरती होते. त्या वर्षीचं बाहेरच्यांना आता आठवत नसेल, जुलै ते ऑक्टोबर, आमच्या यवतमाळ जिल्ह्यात वीसच्या वर माणसं गेली फवारणी करता करता, शेकडो भरती झाले, बरेच जण डोळ्यांनी अधू होऊन आले. सरकारने एसआयटी, म्हणजे खास चौकशी पथक, नेमली होती. पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड, त्या साली डोक्याबरोबर आली होती, म्हणजे फवारा पायाकडे नाही, सरळ तोंडासमोर मारावा लागे, आणि अळीच्या भीतीने लोक एका पंपात दोन-तीन औषधं मिसळत होते.

काकाजींनी चारही पानं ऐकली. मधे खर्रा (तंबाखू-सुपारीचा) घोटून झाला. मग म्हणाले, "हे कोण पाहीन?"

मी म्हटलं गाव पाहीन.

"गावानं त हे खरंखुरं पाह्यलं ना बापा." मग सांगितलं की ते भरती होते तेव्हा कॅमेरेवाले आले होते, डोळ्यांत टॉर्च मारून शूटिंग घेतलं, नीट आलं नाही म्हणून परत घेतलं, मग तिसऱ्यांदा. "मले तवा दिसत नवतं, पण टॉर्च दिसे. आता मले मराचं नाई अन् मराची अॅक्टिंग भी कराची नाई. नोजल कसा साफ करा लागते ते इचारशीन त सांगतो."

स्क्रिप्ट गुंडाळून ठेवली. राग आला होता खरं सांगायचं तर. चार पानं फुकट गेली.

१८ ऑगस्ट, रविवार

काकाजींवर रुसून काही होत नाही म्हणून ठरवलं की आधी दुसऱ्यांनी असे पिक्चर कसे केले ते पाहू. गावात पडदा लावून दाखवायचे तर ज्याचा पिक्चर त्याची परवानगी लागते, म्हणून घरातच बसलो, टीव्हीला केबल जोडून, वहिनीने भजी केली.

पहिली पाहिली 'निरोज गेस्ट्स', दीपा भाटियांची २००९ ची डॉक्युमेंट्री, पत्रकार पी. साईनाथ आपल्याकडे विदर्भात घरोघरी फिरतात, आत्महत्या झालेल्या घरांत बसतात आणि मग शहरात जाऊन बोलतात. नाव असं की रोमचा बादशहा नीरो, त्याच्या मेजवानीत उजेड पाहिजे म्हणून कैद्यांना जिवंत जाळलं होतं, आणि साईनाथ विचारतात की नीरोचं सोडा, त्या मेजवानीतले पाहुणे कोण होते, माणूस जळून राहिला त्या उजेडात त्यांनी घास कसा गिळला. घरात कोणी बोललं नाही थोडा वेळ. मग तबलेवाला म्हणाला, हा प्रश्न आपल्याला नाहीच आहे. बरोबर आहे. तो पिक्चर पाहुण्यांसाठी आहे, आणि पाहुण्यांना तो दाखवायलाच पाहिजे, पण आपण पाहुणे नाही. आपण दुसऱ्या बाजूला आहोत. माझी चार पानांची स्क्रिप्ट पण पाहुण्यांसाठीच होती, फक्त दाखवणार होतो जळणाऱ्याला. काकाजींनी एका वाक्यात सांगितलं ते मला समजायला चार दिवस अन् एक डॉक्युमेंट्री लागली.

मग 'गाभ्रीचा पाऊस', सतीश मनवरांचा, तो पण २००९ चाच. त्यात बायकोला भीती वाटते की नवरा जिवाचं काही करून घेईन, म्हणून ती लहान पोराला त्याच्या मागं-मागं फिरायला लावते. भाषण नाही काही नाही, पोरगं बापाच्या मागं चालून राहिलं एवढंच, आणि वहिनीच्या हातातलं भजं तसंच राहिलं.

'शेरनी' थोडीच पाहिली, झोप आली होती. लोक म्हणतात आमच्याच भागातल्या टी-वन वाघिणीवरून सुचला. १३ माणसं तिच्या नावावर होती आणि २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री तिला बोराटीकडे मारली, ते दिवस आम्ही काढलेले आहेत, संध्याकाळी पाचनंतर धुऱ्यावर कोणी थांबत नव्हतं. शूटिंग मात्र मध्य प्रदेशातलं आहे. पिक्चर वाईट नाही, पण त्यातली मुख्य बाई फॉरेस्ट ऑफिसर आहे आणि गावचे लोक मोर्चात अन् गर्दीत. रात्रीची लाइन असली की आम्हाला आजही ओलिताला रात्रीच जावं लागते, काठी अन् बॅटरी घेऊन. तो माणूस एकटा चालत जातो तो सीन मला पाहिजे होता.

जाऊ द्या, वाघावर दुसरा पिक्चर करू कधी तरी.

२१ ऑगस्ट

पाऊस. निंदणाला बाया मिळत नाहीत. पिक्चरचं काही नाही.

२५ ऑगस्ट, रविवार

आज जे झालं त्यावरच पिक्चर उभा राहतो असं वाटते.

आशाताई म्हणाली औषधाच्या डब्यावर जी खूण असते तिच्यापासून सुरू करू. काकाजींच्या सपरीतून रिकामे डबे आणले, हातात पन्नी घालून. ज्यांनी नीट पाहिलं नसेल त्यांच्यासाठी, डब्यावर कोपऱ्यावर उभी केलेली एक चौकट असते, पतंगासारखी, तिचे दोन भाग, वरच्यात इशारा लिहिलेला, कडक औषधावर जहर असा, आणि सगळ्यात कडक असलं तर कवटी अन् हाडं पण, आणि खालच्या त्रिकोणात रंग. लाल म्हणजे सगळ्यात विषारी, मग पिवळा, मग निळा आणि हिरवा सगळ्यात कमी. कमी म्हणजे पाण्यासारखं नाही, कमी म्हणजे कमी.

चौकातल्या ओट्यावर आबाजी बसले होते, ऐंशीच्या वरचं वय. मामेभाऊने मोबाइल सुरू करून डबा पुढं केला, आबाजी, हे काय आहे सांगा. आबाजींनी डबा लांब धरला, जवळ धरला, आणि एकदम ओळख पटल्यासारखे हसले. "हा त तो कुटुंब नियोजनवाला."

सगळा चौक हसला. पोट्टे तर लोळायचेच बाकी होते. पण आबाजी काही चुकीचं बोलले नव्हते ना! उलटा लाल त्रिकोण, टोक खाली, हीच तर कुटुंब नियोजनाची खूण. त्यांनी सांगितलं की ते जवान होते तेव्हा सरकारची गाडी येई, शाळेच्या भिंतीला चादर बांधे आणि पिक्चर दाखवे, आणि त्यात अन् भिंतीवर तोच लाल त्रिकोण, बाजूला हसरं कुटुंब. "चांगला निशान हाय म्हणून सरकारनंच त सांगतलं होतं." म्हणजे पिक्चरचा परिणाम पाहा, साठ वर्षं टिकला, फक्त दुसऱ्याच डब्यावर जाऊन बसला.

मग हसणं सोडून आम्ही चौकात एकेकाला विचारत गेलो. अकरा जणांना विचारलं. सातवीतला पोरगा म्हणाला लाल म्हणजे नॉनव्हेज, हिरवा म्हणजे व्हेज, बिस्किटाच्या पुड्यावर असते तसं. एक जण म्हणाला हिरवा म्हणजे ऑरगॅनिक. दोघांना बरोबर माहीत होतं. आणि चार जणांनी, जे स्वतः फवारतात, एकच उत्तर दिलं, वेगवेगळं विचारलं तरी. लाल म्हणजे पॉवरफुल. लालवालं द्या म्हणूनच मागतात ते दुकानात.

म्हणजे जी खूण दूर राहा म्हणून छापली तीच खूण पाहून माणूस माल उचलून राहिला. त्याला धोका माहीत नाही असं नाही. त्याच्या हिशोबानं जे अळीला मारते ते कडक असलंच पाहिजे. बी.ए.वाल्या पोराचं "माहीत आहे सगळं" हे असं आहे तर.

रात्री बासरी मोबाइलमधून डिलीट केली.

२९ ऑगस्ट

पहिलं शूटिंग, काकाजींच्या वावरात. पंपात साधं पाणी, हे आधीच ठरलं होतं, शूटिंगसाठी कोणाला जहर मारायला लावायचं नाही. कॉलरचा माइक आणला ऑनलाइन, त्यात वाऱ्याचा असा आवाज येतो की काकाजी समुद्रावर उभे आहेत वाटते. माइकला कापूस गुंडाळला, कापूस काय आपल्याकडे कमी आहे का. थोडा फरक पडला.

काकाजी नोजल दाखवतात. कचरा अडकला की आपले लोक काय करतात, नोजल काढतात आणि तोंडाने फुंकतात. काकाजी त्याच्यासाठी खिशात जुना टूथब्रश ठेवतात. हा शॉट एकदम मस्त आला. पण बाकी काही नाही. पाणी पानावर पडलं, अंगावर पडलं, कॅमेऱ्यात काहीच दिसत नाही. ओला माणूस आणि ओली पऱ्हाटी. मामेभाऊ म्हणे एडिटिंगमध्ये हिरवा धूर टाकतो. मी म्हटलं नको रे बाबा, तुझ्या पाकळ्याही नको अन् धूरही नको.

२ सप्टेंबर, सोमवार, पोळा

पावसाने झोडपलं दोन दिवस. बैल धुवायला नाल्यावर जायचीच गरज नव्हती. तोरणाखाली उभ्या-उभ्या वर्गणीचा विषय काढला, प्रोजेक्टरचं भाडं अन् बाकी खर्चासाठी घरामागे वीस रुपये. एक काका म्हणाले पिक्चरला कोण वर्गणी देते का. तेव्हा मी 'मंथन'चं सांगितलं, श्याम बेनेगलांचा, १९७६ चा. गुजरातच्या पाच लाख दूधवाल्या शेतकऱ्यांनी दोन-दोन रुपये दिले आणि दहा लाखांत पिक्चर झाला, आणि मग तोच पिक्चर गावोगाव दाखवून दुधाच्या सोसायट्या काढायला वापरला. ह्याच वर्षी तो दुरुस्त करून कान फेस्टिव्हलला दाखवला. काका म्हणाले, "दोन रुपये त मी आत्ताच देतो." शेवटी वीस दिले. एकूण २,२४० जमले, चार घरांनी तांदूळ दिले, त्याचं काय करायचं माहीत नाही.

८ सप्टेंबर, रविवार

गणपती बसले काल. आज पिक्चर सापडला, आणि सापडवला वहिनीने.

ती म्हणाली होळीचा रंग उरला आहे डब्यात, तो पाण्यात कालवा ना, मग दिसेल कुठं-कुठं उडते ते. एवढं सोपं. आम्ही चार माणसं दहा दिवस धुराचा विचार करून राहिलो होतो. काकाजींना पांढरा शर्ट, पांढरा पायजमा घातला, ते म्हणाले मले पुढारी बनवता का. पंपात गुलाबी पाणी. म्हटलं नेहमी मारता तसंच मारा, कॅमेऱ्यासाठी काही वेगळं करू नका.

एक पंप, सोळा लिटर. पऱ्हाटी छातीपर्यंत, फवारा पुढे, आणि माणूस त्याच फवारलेल्या ओळीतून पुढं चालतो, म्हणजे स्वतःच ओल्या केलेल्या पानांना अंग घासत जातो. बाहेर आले तर मांड्या पूर्ण गुलाबी, पोट गुलाबी, उजवा हात कोपरापर्यंत. पाठीवर पंपाच्या झाकणातून गळलेली एक लांब रेघ कमरेखाली गेलेली, हे त्यांनाच माहीत नव्हतं. पंधरा मिनिटांनी त्यांनी सवयीने खिशातून खर्रा काढला, बोटांनी मळला आणि तोंडात टाकणार तेवढ्यात स्वतःच थांबले. खर्रा गुलाबी झाला होता. काही बोलले नाही. खर्ऱ्याकडे पाहत उभे राहिले, मग धुऱ्यापलीकडे फेकला. आम्ही सांगितलं नव्हतं हो. मामेभाऊचा कॅमेरा सुरू होता, देवाची कृपा.

पिक्चर संपला असं समजून आम्ही घरी येऊन चहा पिऊन राहिलो आणि वहिनी शर्ट-पायजमा घेऊन न्हाणीवर गेली. तिथून हाक मारली. गेलो तर तिचे हात कोपरापर्यंत गुलाबी, आणि बादलीत जे बाकीचे कपडे होते, माझ्या दीड वर्षाच्या पुतणीचे झबले त्यात होते, ते सगळे गुलाबी. ती म्हणाली, "हे रोजच होते. रोज दिसत नाई."

शिवाय पाणी कोण आणते? टाक्यातून ड्रमपर्यंत हंडे बायाच आणतात, काडीने औषध ढवळायला पण बरेच वेळा त्याच असतात, अन् आमच्या चार पानांच्या स्क्रिप्टमध्ये बाईचं काम फक्त टाहो फोडायचं होतं. न्हाणीचा सीन मग वहिनीने स्वतः सांगून घेतला, तोंड दिसू द्यायचं नाही, हात दिसू द्यायचे. झबल्याचा शॉट घ्यायचा की नाही यावर रात्री भांडण झालं. मी म्हटलं हे रडवणं झालं. ती म्हणाली रडवणं काय आहे त्यात, बादली आहे ती. घेतला.

१५ सप्टेंबर

आशाताईने पीएचसीतल्या, म्हणजे सरकारी आरोग्य केंद्रातल्या, डॉक्टरांशी बोलून शेवटच्या दोन मिनिटांचं ठरवलं, कारण नुसतं उडते कसं ते दाखवून सोडलं तर माणूस म्हणेल बरं मग. विषबाधा झाली तर काय: माणसाला वावराबाहेर काढा, कपडे उतरवा, साबण-पाण्याने अंग धुवा, १०८ ला फोन लावा आणि औषधाचा डबा सोबत न्या. डबा का, तर डॉक्टरला कोणतं जहर ते कळल्याशिवाय नेमका इलाज करता येत नाही. मोनोसारखं (मोनोक्रोटोफॉस) ऑर्गॅनोफॉस्फेट जातीचं जहर असलं तर अॅट्रोपिन देतात, पण सगळ्याच औषधांना ते चालत नाही, आणि एकात तीन मिसळलेले असले तर तिन्ही डबे न्या. मिठाचं पाणी पाजून उलटी काढणं, दूध पाजणं, हे करू नका. हे गावात सगळेच करतात म्हणून दोनदा सांगायचं ठरलं.

तोंडावर काय बांधायचं, अंगावर काय घालायचं यावर डॉक्टरांची यादी मोठी आहे, पूर्ण किट, चष्मा, मास्क. काकाजींना तसं सगळं घालून पाहिलं. अकरा वाजताच्या उन्हात वीस मिनिटांत बाहेर आले, घामाने चिंब, म्हणाले याच्यापेक्षा अळी बरी. मग मोठी पन्नी कापून पुढून एप्रन बांधला, रबरी हातमोजे, फुलबाह्यांचा शर्ट, आणि सकाळी सातला वाऱ्याकडे पाठ करून परत रंगाचा पंप मारला. पोट-मांड्या कोऱ्या राहिल्या. पाठीची रेघ आलीच, झाकणाचा वायसर बदलला तेव्हा ती पण गेली. वायसर पंधरा रुपयांचा. हे जसंच्या तसं ठेवलं पिक्चरमध्ये, किट घालून काकाजी वैतागतात ते पण. काढून टाकलं असतं तर पहिल्याच शोला कोणी तरी म्हणालं असतं की घालून दाखव.

२२ सप्टेंबर

एडिटिंग. मोबाइल दोनदा हँग. लांबी नऊ मिनिटं चाळीस सेकंद. मामेभाऊने एका ठिकाणी हळूच पाकळ्या टाकल्या होत्या, पकडला.

दाखवायचं कसं यावर तबलेवाल्याची आयडिया. तो म्हणाला गाडगेबाबांचं कीर्तन कसं होतं, बाबा आपल्याच अमरावतीकडच्या शेंडगावचे, भाषण देत नव्हते, लोकांना वऱ्हाडीत प्रश्न विचारायचे आणि उत्तर लोकांच्याच तोंडून काढायचे. आपणही पिक्चर मधे थांबवू. लाल त्रिकोण आला की पॉज, लाइट लावायचा, विचारायचं हे काय आहे. मला वाटलं मधे थांबवला तर पोट्टे शिट्ट्या मारतील. त्याने ऐकलं नाही.

५ ऑक्टोबर, शनिवार

पहिला शो, दुर्गादेवीच्या मंडपात, आरतीनंतर. पडदा म्हणजे जुन्या बॅनरची पाठ, पांढरी असते, चादरीपेक्षा ताठ राहते. दीडशेच्या आसपास माणसं, बाया डावीकडे.

त्रिकोणाला पॉज केला, शिट्ट्या आल्याच, पण मग विचारलं तर मागून एक जण ओरडला "पॉवरफुल!" आणि लोक हसले आणि तेवढ्यात आबाजी काठी टेकत उठले अन् म्हणाले, नाई, कुटुंब नियोजन. पडद्यावर पुढचाच सीन त्यांचा होता. म्हणजे माणूस पडद्यासमोर उभा आणि मागं पडद्यावर तोच माणूस तेच बोलून राहिला, असा टाळ्यांचा कडकडाट मी तर नाटकाला पण ऐकला नाही.

खर्रा गुलाबी झाला तेव्हा मंडप शांत. पुरुषांच्या बाजूला तरी शांत. न्हाणीच्या सीनला बायांच्या बाजूने कुजबुज सुरू झाली ती थांबेचना, आणि त्याच वेळी लाइन गेली. आठ मिनिटं अंधार. प्रोजेक्टर बंद, साउंड बंद, आणि अंधारात बाया बोलून राहिल्या, कोण कपडे कशात धुते, कोणाच्या हाताला फोड आले होते, कोण औषधाचा रिकामा डबा धुऊन तेलाला वापरते. मी वहीत लिहायचा प्रयत्न केला, अंधारात अक्षर एकावर एक चढलं आहे, वाचता येत नाही. लाइन आल्यावर पिक्चर पुढं सुरू केला तर एक मावशी म्हणाली, थांब ना बापा दोन मिनिटं, आमचं बोलणं होऊ दे.

बी.ए.वाला पोरगा आला होता, मागे मोटरसायकलवर बसून पाहत होता. संपल्यावर काही न बोलता गेला.

१६ ऑक्टोबर, कोजागिरी

काल निवडणूक जाहीर झाली, आचारसंहिता लागली. बाजूच्या गावात आज दुधाच्या कार्यक्रमात शो होता, तर आमच्या पिक्चरच्या शेवटी जी आभाराची पाटी आहे, तिच्यात एका पुढाऱ्याचं नाव होतं (त्याने प्रोजेक्टरच्या भाड्यातले पाचशे दिले होते), ते काढा म्हणून फोन. काढलं. मग पुढाऱ्याच्या माणसाचा फोन, नाव का काढलं. रात्री बारापर्यंत हेच चाललं, दूध थंड झालं. मतदान २० नोव्हेंबरला आहे, तोपर्यंत सगळे शो बंद ठेवतो, डोक्याला ताप नको.

९ नोव्हेंबर

वेचणी जोरात, कोणाला वेळ नाही. सोयाबीन चार हजाराच्या आसपास विकून राहिलं, हमीभाव ४,८९२ आहे म्हणतात. पिक्चर असो नसो, हे चालूच आहे. लोक विचारतात यावर कर ना पिक्चर. कोणाला दाखवू? हा परत पाहुण्यांचा पिक्चर होईल. करायला पाहिजे पण, मी नाही म्हणत नाही.

एक गोष्ट मात्र. कृषी केंद्राच्या पोराने पिक्चर पेनड्राइव्हवर मागून नेला होता, तो त्याने दुकानातल्या टीव्हीवर लावून ठेवला आहे, आवाज बंद करून, कारण गिऱ्हाइकाचं ऐकू येत नाही. म्हणजे जिथे लालवालं द्या म्हणून मागतात बरोबर त्या काउंटरवर! आधी वाईट वाटलं, माइकला कापूस गुंडाळायची एवढी मेहनत. मग अर्धा तास तिथे उभा राहिलो. लोक त्रिकोण पाहत नाहीत, त्याला आवाज लागतो. पण रंगाचा पंप सुरू झाला की मान वर होते आणि शर्ट पूर्ण होईपर्यंत खाली येत नाही. एकाने विचारलं हा रंग कोणत्या कंपनीचा आहे, पिकाला चालते का.

आवाज नसला तरी समजेल असा तीन मिनिटांचा वेगळा कट करायचा.

२४ डिसेंबर

काल श्याम बेनेगल गेले, पेपरात पहिल्या पानावर आहे. वर्गणीवाले काका मुद्दाम पेपर घेऊन घरी आले, फोटो दाखवला, "हाच का तो दोन रुपयेवाला?" म्हटलं हो. बराच वेळ वाचत बसले. जाताना म्हणाले, आपले बावीसशे चाळीस कशात-कशात गेले ते लिहून ठेव, लोक विचारतात. बरोबर आहे, हिशोब टांगलेला आहे. तांदळाची खिचडी केली होती शोच्या दिवशी, ते पण लिहितो.

२९ डिसेंबर, रविवार

छोटा कट झाला, तीन मिनिटं दहा सेकंद. त्रिकोणासाठी आवाजाऐवजी आबाजींचं बोट वापरलं, ते बोट कवटीवर ठेवतात, मग लाल रंगावर, मग कॅमेऱ्याकडे पाहून नाही-नाही हलवतात. सहा टेक लागले, पाचव्यांदा ते म्हणाले कुटुंब नियोजनालाही एवढा तरास नवता.

आज सकाळी हरभऱ्याच्या वावराकडून जाताना बी.ए.वाला पोरगा दिसला. पोटाला पन्नी बांधलेली, खताच्या थैलीची, सुतळीने. हातमोजा एकाच हातात, दुसरा म्हणे कुत्र्याने नेला. वाऱ्याकडे पाठ नव्हती, तोंड होतं. मी धुऱ्यावरून ओरडून सांगितलं तर त्याने तिथूनच हात हलवला आणि फिरला, अर्धा.

कळंबकडच्या एका गावाचा फोन आला, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायांसाठी शो पाहिजे. पेनड्राइव्ह देतो म्हटलं. त्या बाई म्हणाल्या पेनड्राइव्ह तर पाहिजेच, पण तो शर्ट पण घेऊन या, खरा. शर्ट कपाटात घडी करून ठेवला आहे, वहिनीला सांगून ठेवलं की धुऊ नको. ती म्हणाली तीनदा धुतला होता आधी, निघत नाही.